चारशे अँपिअरची थाप

घरात शिलाई मशीन असले की त्या घराला काटकसरी म्हणतात. वेल्डिंग मशीन असले की घरमालकाच्या डोक्याविषयी शंका घेतात. वास्तविक दोन्ही यंत्रांचे काम एकच, तुटलेले जोडणे. एक कापड जोडते, दुसरे लोखंड. पण पायजम्याची उसवलेली शिवण घरी घातली तर बाईचे कौतुक होते आणि फाटकाची बिजागरी घरी जोडली तर लोक म्हणतात, "गुरुजींना रिटायरमेंट काही मानवली नाही."

मी अमडापुरात राहतो आणि माझे असे स्पष्ट मत आहे की वऱ्हाडातल्या घरात माणसांपेक्षा लोखंडाची संख्या जास्त असते. फाटक, खिडक्यांचे गज, पत्र्याच्या शेडचे अँगल, पाण्याच्या टाकीचा घोडा, लोखंडी पलंग, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या आणि म्हणूनच मोडलेल्या खुर्च्या आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे कूलरचा स्टँड. होळी झाली की कूलर बाहेर निघतो आणि त्याच्या स्टँडचा एक पाय गेल्या पावसाळ्यातच गंजून गेला होता असे त्या दिवशी कळते. त्याच दिवशी ते सगळ्या गावालाही कळते. मग वेल्डरच्या दुकानापुढे तीन पायांच्या स्टँडांची जी रांग लागते, ती पाहून बल्लाळदेवीच्या यात्रेची आठवण व्हावी. अशा गावात घरी एक छोटे वेल्डिंग मशीन असावे, असे म्हणणाऱ्या माणसाला खरे तर सरपंच करायला हवे. ते राहिले बाजूला. मला वाद घालावा लागतो आहे. तोही दोन आघाड्यांवर.

पहिली आघाडी "हे आपलं काम नव्हे" वाल्यांची. यांच्या मते लोखंडाला हात लावणे हे ज्याचे त्याने करावे आणि शिकलेल्या माणसाने फक्त बिल विचारून हळहळावे. या मंडळींचे खापरपणजोबा लक्ष्मणराव किर्लोस्करांना भेटले असावेत. 1903 साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. आणि हे लक्ष्मणराव त्याआधी काय करत होते? मुंबईची मास्तरकी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान चालवत होते. म्हणजे मास्तराने पान्हा हातात घेतल्याने महाराष्ट्राचे नुकसान झाल्याचा पुरावा नाही. शिवाय वेल्डिंगचा रॉड, ज्याला वरून लेप दिलेला असतो, तो स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने 1904 च्या सुमारास काढला. कशासाठी? तर जहाजांचे गळके बॉयलर नीट दुरुस्त व्हावेत म्हणून. या विद्येचा जन्मच मुळी दुरुस्तीसाठी झालेला. मग माझ्या फाटकाने काय पाप केले आहे?

आमच्या रस्त्यावरच्या वेल्डरनेही सुरुवातीला हरकत घेतली होती. "गुरुजी, तुमी मशीन घेऊन ऱ्हायले म्हंता. मंग म्या काय तुमच्या शाळेत गणित शिकवाले जाऊ काय?" हा प्रश्न मात्र रास्त होता. त्याचे उत्तर शेवटी देतो.

दुसरी आघाडी जास्त घातक. ती "घ्यायचं तर मोठंच घ्या" वाल्यांची. या पंथाचे अनुयायी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहतात आणि चौथ्या दिवशी डबा घेऊन येतात. डब्यावर 400 हा आकडा एवढा मोठा छापलेला असतो की कंपनीचे नाव शोधावे लागते. वजन उचलून पाहावे तर पाच किलो. खाली घरगुती पिन लावलेली वायर. अकोल्याचे आमचे मेहुणे असेच मशीन घेऊन आले आणि म्हणाले, "दाजी, चारशे अँपिअर! आणि साध्या प्लगवर चालतं!"

मी बत्तीस वर्षे गणित शिकवले. बत्तीस वर्षांत इतके चुकलेले उत्तर एवढ्या आत्मविश्वासाने कोणी सांगितले नव्हते.

आता वाचकहो, पाटी-पेन्सिल घ्या. रॉडने जोडकाम करताना ठिणगीला लागणारा व्होल्टेज ठरवायचा एक साधा नियम आहे. 20 मध्ये प्रवाहाचा पंचविसावा भाग मिळवा. 400 चा पंचविसावा भाग 16. वीस आणि सोळा छत्तीस. 36 गुणिले 400 बरोबर 14,400 वॅट. याला घरच्या 230 व्होल्टने भागा. 62 च्या वर अँपिअर लागतात, आणि तेही मशीन स्वतः काहीच खात नाही असे धरून. आता तुमच्या घरातला मोठ्यातला मोठा प्लग, ज्यावर गिझर लावता तो, 16 अँपिअरचा. सोळाच्या भोकातून बासष्ट कसे जाणार? ज्या डब्याच्या पोटात चारशे अँपिअर आहेत त्याला घरगुती पिन लावणे म्हणजे हत्तीला मांजराचा पट्टा बांधणे. तेव्हा एकतर पट्टा खोटा, नाहीतर हत्ती. आणि पट्टा तर मी हाताने ओढून पाहिला आहे.

आता खरा हिशेब करा. घरकामाचा रॉड 2.5 मिलिमीटरचा. त्याला 60 ते 90 अँपिअर पुरतात. 80 धरा. वीस अधिक तीन पूर्णांक दोन, म्हणजे 23.2 व्होल्ट. गुणिले ऐंशी, झाले 1,856 वॅट. मशीनची खादाडी आणि उधळपट्टी धरून भिंतीतून बारा-तेरा अँपिअर ओढले जातील. सोळाच्या प्लगमध्ये हे बसते. फाटक जोडले जाते, वायर शाबूत राहते. हीच ती घरगुती वेल्डिंगची चतुःसीमा. याच्या पुढचे आकडे तुम्ही विकत घ्याल, पण वापरू शकणार नाही. कपाटात ठेवलेल्या पदव्यांसारखे ते नुसते वाचायचे.

इथून जवळच खामगाव आहे. तिथल्या चांदीचे नाव आहे. तिथे चांदी घ्यायला गेलेला कोणी माणूस डबीवरचे चित्र पाहून पैसे मोजतो का? कस पाहतो. मग वेल्डिंग मशीनचा कस डब्यावर नसतो, तो मशीनच्या मागच्या नाहीतर तळाच्या बारीक अक्षरांच्या पाटीवर असतो. तिथे टक्केवारी आणि तिच्यापुढे अँपिअर लिहिलेले असतात. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती. (सरकारी नोकरीच्या मानाने ही टक्केवारी फारच कडक आहे.) हे मोजमाप 40 अंशांच्या हवेत करायचे असते. आमच्याकडे वैशाखात हवा चाळिशी ओलांडते, म्हणजे मशीनलाही उन्हाळा बाधणार. ज्या मशीनवर ही पाटीच नाही, ते मशीन म्हणजे जन्मपत्रिका नाही, दाखला नाही, आणि तरी "मुलगा फार मोठ्या हुद्द्यावर आहे" असे सांगणारे स्थळ. नको म्हणून कळवावे.

आणखी एक प्रश्न दुकानात कोणीच विचारत नाही. सगळे विचारतात, "किती चढतं?" माझे म्हणणे आहे, "किती उतरतं?" ते विचारा. खुर्चीचा पाईप, खिडकीची चौकोनी नळी हे सारे एखाद मिलिमीटर जाडीचे. त्याला 2 मिलिमीटरचा रॉड आणि चाळीस-पन्नास अँपिअर लागतात. तेवढ्या खालच्या पट्टीत ज्याची ठिणगी न विझता टिकते ते मशीन खरे. गवयाची परीक्षाही आरडाओरड्यात होत नाही, खर्जात होते. चारशेवाले मशीन खर्जात खोकू लागले की खुर्चीला पाय जोडायच्या ऐवजी पायालाच भोक पडते.

जुन्या वळणाचे लोक म्हणतील, तांब्याच्या गुंडाळीचे ट्रान्सफॉर्मरवाले मशीन घ्या, नातवापर्यंत चालेल. खरे आहे. नातवापर्यंत चालेल, कारण नातू मोठा होईपर्यंत ते जागचे हलवता येणार नाही. जळले तर मोटार भरणारा गावातच पुन्हा भरून देतो, हा त्याचा मोठा गुण. पण ते वीज फार ओढते आणि बहुतेक मोठ्यांना दोन फेज लागतात. घराला असते एक. नवे इन्व्हर्टरवाले मशीन हलके, कमी विजेवर चालणारे, पण त्याचे कार्ड जळले की जोडीला दुःख. म्हणून घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, दुरुस्ती कुठे होते? "कंपनीत पाठवू" हे उत्तर म्हणजे "विसरा" असे समजावे. दोन, विजेचा दाब उतरला तर कितीपर्यंत तग धरते? संध्याकाळी जिथे बल्बची तार नुसती लाल दिसते अशा गावात हा प्रश्न चैनीचा नाही. माझा कौल विचाराल तर पाटीवर खरे 140 ते 160 अँपिअर दाखवणारे, खर्जात स्थिर आणि चिखली-खामगावात दुरुस्त होणारे इन्व्हर्टर. मी तेच घेतले. आमच्या सौभाग्यवतींनी तर एका वाक्यात निकाल दिला. "अहो, मी शिलाई मशीन आणलं तेव्हा काय कापडाची गिरणी आणली होती?"

हा वाद नुसता आकड्यांचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. मोठ्या आकड्यात पैसे संपतात, हे खरे दुखणे आहे. आमच्या गल्लीत एका गृहस्थांनी असेच चारशे अँपिअर आणले. डोळ्यांसाठी म्हणून डब्यात फुकट आलेली हातात धरायची काच, तीही एक. दुपारभर कूलरचा स्टँड जोडणे चालले होते. ठिणग्या म्हणजे पोरांना दिवाळी. चार पोरे ओट्यावर बसून टक लावून बघत होती. तेव्हा काहीच झाले नाही, आणि यातच ही गोष्ट फसवी आहे. वेल्डिंगच्या उजेडातले न दिसणारे किरण डोळ्याला लागतात तेव्हा कळत नाही. सहा-बारा तासांनी कळते. मध्यरात्री चारही घरांत दिवे लागले. डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी पोरे रडत होती. कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, कोणी आणखी काही. सकाळी चिखलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन दिवसांत बरी झाली, हे नशीब. लोक म्हणाले, "पोरांना वेल्डिंग लागली." मी म्हणतो, वेल्डिंग नाही, तो चारशेचा आकडा लागला.

म्हणून माझा हिशेब उलटा आहे. आधी 10 किंवा 11 नंबरची काच असलेला चेहराभर टोप. मग कातड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्यांचा सदरा (नायलॉनचा सदरा ठिणगीला फार आवडतो), पक्के अर्थिंग, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, कोरडे रॉड, आणि पोरांच्या बाजूने उभे करायला एक जुना पत्रा. या सगळ्यातून जे पैसे उरतील त्यात बसेल ते मशीन. गॅल्व्हनाइज्ड पाईपाचा धूर फुप्फुसात घेऊ नये, ताप भरतो. पावसाळ्यात ओल्या अंगणात उभे राहू नये. डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा पिंप कितीही रिकामा दिसला तरी त्याला रॉड लावू नये. त्याच्या पोटातली वाफ रिकामी नसते.

आता त्या वेल्डरच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्याला सांगितले, "बाबा, ज्या सांध्यावर कोणाचा जीव टांगलेला असेल तो सांधा तुझा. झोपाळ्याची कडी तुझी, ट्रॉलीचा हूक तुझा, जिना तुझा, गच्चीवरच्या टाकीचा घोडाही तुझा. बिडाची वस्तू तुझी, कारण साध्या रॉडने ती थंड होताना तडकते. माझ्याकडे राहिले फाटक, खुर्ची आणि कूलरचा स्टँड." तो विचारात पडला. मग म्हणाला, "हे बरं हाय गुरुजी. होळीले तुमच्या त्या स्टँडापायीच मले ट्रॉलीचं काम करता येत नव्हतं." छोट्या मशीनचा हा सर्वात मोठा गुण आहे, आणि तो कोणत्याच डब्यावर छापलेला नसतो. त्याला स्वतःची हद्द कळते, आणि हळूहळू मालकालाही कळवते. चारशेवाल्याला मात्र ट्रॉलीचा हूकही खुणावू लागतो.

चारशे अँपिअरवाल्यांना हे पटणार नाही, याची मला खात्री आहे. त्यांनी मला खुशाल पत्र लिहावे, मी उत्तर देईन. अट एवढीच की गुणाकार आणि भागाकार पायऱ्यांसह करून दाखवावेत. नुसते उत्तर लिहिल्यास गुण मिळणार नाहीत.