साखर, वीज आणि विसरण्याची मुभा

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

विजेच्या मदतीने रक्तातील साखर आटोक्यात आणता येईल, अशा अर्थाच्या बातम्या गेली काही वर्षे अधूनमधून वाचायला मिळतात. शरीरात एक छोटेसे यंत्र बसवायचे, त्याने एखाद्या मज्जातंतूला किंवा पेशींच्या पुंजक्याला विजेचा सौम्य इशारा द्यायचा आणि पुढचे काम शरीराने आपले आपण करायचे, अशी ही कल्पना. वार्षिकांकासाठी मी हा विषय निवडल्याचे कळताच विज्ञान शाखेतील मित्रमंडळींनी नाके मुरडली. वीज आणि ग्रंथी हे त्यांचे खाते. आम्ही कविता कराव्यात, फार तर हुंड्यावर निबंध लिहावा! पण या यंत्राबाबत 'ते चालते का?' या प्रश्नाला लागूनच 'ते चालू कोणी ठेवायचे?' असा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार इतिहास-अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनाही आहे, असे मला वाटते. शिवाय माझा स्वतःचा असा एक अधिकार आहे. तो पुढे सांगते.

साखरेचा आणि मज्जासंस्थेचा संबंध काही आज सापडलेला नाही. १८४९ साली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली आणि थोड्याच वेळात त्या सशाच्या लघवीत साखर उतरली. मेंदूकडून निरोप गेला की यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडते, असा तर्क त्यावरून बांधता आला. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्सुलिन लागले आणि साऱ्यांचे लक्ष रसायनाकडे वळले. मज्जातंतूंची वाट मागे पडली. तीच आता पुन्हा वापरात येऊ लागली आहे.

गळ्यात, मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी जिथे दुभंगते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. त्याला कॅरॉटिड बॉडी म्हणतात. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मेंदूला वर्दी देणे हे त्याचे नेमून दिलेले काम. लिस्बनच्या सिल्व्हिया कोंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीरात हा अवयव गरज नसताना आरडाओरडा करीत असतो. त्यांनी त्याच्या मज्जातंतूवर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला आणि त्याचे तोंड बंद केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मधुमेही उंदरांचे शरीर पुन्हा इन्सुलिनला दाद देऊ लागले. प्रवाह बंद केल्यावर मात्र तो परिणाम टिकला नाही.

अशा संशोधनात पैसाही उतरला आहे. २०१६ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन ही औषध कंपनी आणि गूगलच्या घराण्यातील व्हेरिली यांनी मिळून 'गॅल्व्हानी' या नावाची कंपनी काढली आणि सात वर्षांत ५४ कोटी पौंडांपर्यंत रक्कम गुंतवण्याचे जाहीर केले. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने थरथरवून दाखवणारा अठराव्या शतकातला इटालियन तो हा गॅल्व्हानी. नावांचाच विषय निघाला म्हणून सांगते : जेवणाच्या वेळी जठराच्या स्नायूंना विजेचे ठोके देणारे एक यंत्र मधुमेही माणसांवर वापरून पाहिले गेले, त्याचे नाव 'टँटॅलस' ठेवले होते. ग्रीक पुराणातला टँटॅलस म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात उभा आणि तरी तहानलेला, डोक्यावर फळे लोंबत असून उपाशी! पथ्य पाळणाऱ्या रोग्याच्या पोटात बसवायच्या यंत्राला हे नाव कोणाला सुचले असेल? त्या कंपनीत कलाशाखेचा एकही पदवीधर नसावा, किंवा असलाच तर फार खट्याळ असावा.

माझी आशा मात्र बाझल शहराकडे लागलेली आहे. झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठाचा एक विभाग तिथे आहे आणि मार्टिन फुसेनेगर यांचे सहकारी तिथे मानवी पेशींत असे फेरफार करतात की, विजेचा इशारा मिळताच त्या पेशींनी इन्सुलिन सोडावे. २०२० साली त्यांनी हे उंदरांत करून दाखवले. २०२३ साली त्यांनी त्याहून साधा प्रकार केला : कातडीखाली ठेवलेल्या पेशींना ॲक्युपंक्चरच्या सुयांतून दिवसातून एकदाच, १० सेकंद, ४.५ व्होल्टचा प्रवाह दिला. ४.५ व्होल्ट म्हणजे टॉर्चमधले तीन सेल. तेवढ्यावर मधुमेही उंदरांची साखर ताळ्यावर आली. त्याच वर्षी त्यांनी ध्वनीच्या कंपनांना ओळखणाऱ्या पेशीही तयार केल्या, आणि वेगवेगळे संगीत ऐकवून पाहिले तेव्हा 'क्वीन' या वाद्यवृंदाचे 'वुई विल रॉक यू' हे गाणे सर्वांत गुणकारी ठरले. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. हा मुद्दा विषयाला धरून नाही, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.

आता माझ्या अधिकाराविषयी. मी दहावीत असताना मला मधुमेह झाला. 'गोड फार खात होतीस का ग?' असे तेव्हापासून शेकडो लोकांनी विचारले आहे. ज्या प्रकारचा मधुमेह मला आहे त्यात खाण्याचा काही संबंध नसतो. शरीराने इन्सुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशींना शत्रू समजून मारून टाकलेले असते. मेलेल्या पेशी कोणत्याही मज्जातंतूला चुचकारून परत येत नाहीत, म्हणून लिस्बनची वाट माझ्यासारखीच्या उपयोगाची नाही. ती दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकारासाठी आहे.

दिवसातून चार वेळा मी सुई टोचून घेते. सुईचे दुखणे काही विशेष नाही, त्याची सवय होते. सवय होत नाही ती हिशेबाची. दोन पोळ्या आणि वरणभात यांना किती एकके, वर्गातून स्टँडपर्यंत धावले तर किती कमी, परीक्षेच्या आदल्या रात्री जागले तर किती जास्त. इन्सुलिन आहे वसतिगृहाच्या मेसमधल्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशव्यांशेजारी. सुट्टीत गावी गेले आणि वीज गेली की आई ती कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवते. एका परीक्षाकेंद्रावर खिशातले ग्लुकोजचे बिस्कीट काढून घेतले गेले आणि ते परत मिळवण्यात पेपरची वीस मिनिटे गेली. मैत्रिणी सिनेमाला निघतात तेव्हा चपला पायात सरकवतात आणि निघतात. मी निघते तेव्हा मनात एक वही उघडी असते. ती वही मिटता यावी, एवढेच मला त्या यंत्राकडून हवे आहे. निरोगी माणसाला आपल्या स्वादुपिंडाची आठवणही होत नाही. तशी ती मलाही होऊ नये.

म्हणूनच पुढचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मी विसरायचे, तर माझ्या ऐवजी दुसऱ्या कोणी तरी लक्षात ठेवले पाहिजे. सेल कधी संपणार, पेशींची कुपी कधी बदलायची, नव्या फोनशी जुने यंत्र बोलेल की नाही, ही वही मग दुसऱ्याच्या टेबलावर जाते. तो दुसरा कोण?

याचे एक उत्तर स्वीडनमध्ये मिळते. ८ ऑक्टोबर १९५८ या दिवशी आर्ने लार्सन यांच्या शरीरात हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर बसवण्यात आला. शरीरात पूर्णपणे बसवलेला जगातील तो पहिलाच. तो काही तासांत बंद पडला! पण दुसरा आला, तिसरा आला. एकूण २६ पेसमेकर त्यांनी वापरले आणि २००१ साली ८६ व्या वर्षी ते वारले. यंत्र बनवणारे रूने एल्मक्विस्ट आणि ते बसवणारे शल्यविशारद ओके सेनिंग हे दोघेही त्यांच्या आधी गेले होते. म्हणजे दोन थोर माणसांच्या सद्भावनेवर लार्सन ४३ वर्षे जगले नाहीत. माणसे बदलली तरी काम चालू ठेवणारी रुग्णालये आणि कारखाने त्यांच्यामागे होते.

दुसरे उत्तर कॅलिफोर्नियातले आहे. सेकंड साइट नावाच्या कंपनीने डोळ्याच्या पडद्यावर विजेचे सूक्ष्म ठोके देऊन अंधांना थोडेफार दिसावे, असे यंत्र काढले. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. धंदा जमेना, तेव्हा २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले आणि २०२० मध्ये बहुतेक नोकरवर्ग कमी केला. यंत्रे लोकांच्या डोळ्यांतच राहिली. बिघडले तर दुरुस्ती कोणाकडे मागायची, हे सांगायला कोणी उरले नाही.

हे परदेशातले झाले. आपल्याकडे काय? डीप्यू या कंपनीचे खुब्याचे कृत्रिम सांधे २०१० साली सदोष म्हणून जगभरातून परत मागवण्यात आले. भारतात तशा सुमारे ४७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे केंद्र सरकारच्या समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. खुब्याचा सांधा तरी मुका असतो; साखरेचे यंत्र रोज इशारे देणार, आणि चुकीचा इशारा गेला तर झोपेतच साखर उतरून माणूस बेशुद्ध पडेल.

यावर कोणी म्हणेल, 'हवीतच कशाला ही थेरं? रोज चाला, कारल्याचा रस प्या.' असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मी आदर करते, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन यडकिन यांच्यासह २००४ साली स्वतःचीच मापे छापली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण अंगातली चरबी यडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असणाऱ्या आपल्या लोकांत हा रोग कसा शिरतो, याचे मूळ पुण्याजवळच्या खेड्यांत आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत शोधले गेले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या सगळ्यांना आळशी ठरवून प्रश्न सुटेल, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तेव्हा यंत्र यावे. मात्र शरीरात बसणाऱ्या प्रत्येक यंत्राची आणि ते बसवून घेणाऱ्याची नोंद सरकारी दप्तरी असावी. आपण ग्रंथालयातून पुस्तक नेतो तेव्हा अनामत ठेवतो. तशी देखभालीची अनामत कंपनीने विक्रीपूर्वीच भरावी. यंत्राचे आराखडे सरकारजमा असावेत, म्हणजे कंपनी बुडाली तरी दुसऱ्या कोणाला दुरुस्ती करता येईल. हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणू नये. २०१७ साली हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर आपल्याच सरकारने मर्यादा घातली. आणि खुद्द इन्सुलिनचे स्वामित्वहक्क १९२३ साली टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले गेले होते.

मी आज एकोणीस वर्षांची आहे. लार्सन यांच्याइतके जगायचे म्हटले तर अजून ६७ वर्षे. तेवढ्या मुदतीची हमी कोणती कंपनी आपण होऊन लिहून देणार नाही. ती यंत्र बाजारात येण्यापूर्वी कायद्याने लिहून घ्यावी लागेल. बाझलचे प्रयोग अजून उंदरांपर्यंतच आले आहेत, तेव्हा त्यासाठी वेळ आहे.