मण्यावरचे अंश, मातीतले तांबे

निर्यातक्षम द्राक्षाच्या चर्चेत ‘अंश’ म्हणजे मण्यावरचे अंश, असेच आपण धरून चालतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे, म्हणजे आपल्या सीसीसीचे, अंश सापडल्याने युरोपात माल अडकला आणि त्या दणक्याने फवारणीची शिस्त कडक झाली. ती शिस्त खरी आहे. निर्यातीने बागेतले विष वाढवलेच, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे मान्य करायला हवे. पण तपासला जातो तो पेटीत जाणारा घड. वेलीखालच्या मातीचा नमुना कोणतेही बंदर मागत नाही.

मातीत साठणाऱ्या मोरचुदाचेच, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचेच, पाहा. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने १८६० च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा पोखरल्या. उपाय म्हणून अमेरिकी खुंट मागवले, तर १८७८ च्या सुमारास त्यांच्यासोबत केवडा हा बुरशीजन्य रोग आला, आणि केवड्यावर १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण सुचवले. आपल्या टाकीतले निळे पाणीसुद्धा असे रोपांच्या व्यापाराचेच देणे आहे! तांबे कुजत नाही. पानांवरून धुऊन ते मातीच्या वरच्या थरात साठते आणि गांडुळांना, जिवाणूंना जाचते. हे भोगलेल्या युरोपने २०१९ पासून स्वतःच्या जमिनीसाठी ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. सेंद्रिय शेतीलाही त्यातून सूट नाही. आता आपला हिशेब मांडा. एक टक्का बोर्डो, हेक्टरी १००० लिटर पाणी, म्हणजे १० किलो मोरचूद आणि त्यात चौथा हिस्सा, अडीच किलो, तांबे. दुसऱ्याच फवारणीला वर्षाची ही सरासरी ओलांडली जाते. त्यातही खरड छाटणीनंतर पावसाळ्यात मारलेले बोर्डो मणी धरण्याआधीच मातीला मिळालेले असते, मग घडाच्या अहवालात ते दिसणार कसे?

आपल्या चुनखडीच्या जमिनीत तांबे बांधले जाते, वेलीला लागत नाही, असे काही जाणकार म्हणतील. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण बांधलेले तांबे नाहीसे होत नाही, साठतच राहते. बोर्डो सोडले तर आंतरप्रवाही बुरशीनाशके वाढतील आणि अंशांचा प्रश्न पुन्हा दारात येईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून बोर्डो सोडा असे आम्ही म्हणत नाही. फवारणीच्या वहीत औषधाच्या नावाशेजारी तांब्याचे किलो लिहावेत, आणि ढगाळ हवा दिसली की सवयीने होणारी फवारणी त्या आकड्याकडे पाहून ठरवावी. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या माती परीक्षणात तांब्याचा रकाना असतोच. आजवर आपण तो फक्त कमतरता आहे का, एवढ्यासाठी वाचत आलो.