करंजाची काडी आणि मिसवाकचा अदब

आपल्या अनुयायांना जड जाईल ही काळजी नसती, तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिसवाक करण्याची आज्ञाच दिली असती, अशा आशयाचे पैगंबर मुहंमद यांचे वचन आहे. हदीसचे सर्वांत प्रमाण मानले जाणारे बुखारी आणि मुस्लिम हे दोन्ही संग्रह ते नोंदवतात. आज्ञा करावी इतके दात घासण्याचे महत्त्व त्यात दिसते, आणि लोकांची अडचण ओळखून आज्ञा न करण्याचा समजूतदारपणाही दिसतो. हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली या चारही सुन्नी पंथांनी मिसवाकला सुन्नत (पैगंबरांची प्रथा) मानले, फर्ज (बंधनकारक) मानले नाही, ते याच वचनाच्या आधारे.

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, या पुणे जिल्ह्यातल्या भागात या वचनातली सोयीची बाजू विसरली जाते आहे. मिसवाक म्हणजे पुण्याहून येणारी, प्लास्टिकच्या पाकिटातली पिलूची काडी, आणि ती मिळाली तरच सुन्नत, असा समज रुजू लागला आहे. भोरच्या बाजारात काडी सहज मिळते. पण वेल्ह्याच्या आतल्या गावांत एखाददुसरेच मुलाणी, तांबोळी किंवा शेख कुटुंब असते, आणि तिथे पाकीट संपले की मिसवाकही थांबते. रमजानपुरती काडी, बाकीचे अकरा महिने काहीही, अशी स्थिती येते. आम्हाला हे खटकते, कारण शास्त्राने मोकळी ठेवलेली वाट आपणच अरुंद करून घेतली आहे.

पिलूचे झाड कोरड्या आणि खारवट जमिनीचे. अरबस्तान, सिंध, राजस्थान, गुजरात ही त्याची भूमी, आणि आपल्याकडे ते खाडीकाठी आढळते. तोरणा-राजगडच्या पायथ्याच्या तांबड्या, पावसाने धुतलेल्या मातीत ते आपणहून उगवत नाही. फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, ग्रंथांनी पिलूला पहिला मान दिला हे खरे, कारण पैगंबरांच्या वापरात ती काडी असे. पण त्याच ग्रंथांनी पुढे खजूर आणि जैतून यांची नावे घेतली, आणि हनफी ग्रंथांनी कडू चवीच्या झाडाची काडी चांगली असेही सांगितले. कडू आणि तुरट झाडांची या दोन तालुक्यांत वाण नाही. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदीच्या काठाने करंज उभे आहेत. नसरापूरकडच्या कोरड्या पट्ट्यात बाभूळ आणि कडुलिंब आहे. वडाची पारंबी तर गावोगाव लोंबते आहे. इथल्या जुन्या माणसांनी, मग ती कोणत्याही धर्माची असोत, दातवण म्हणून हीच झाडे वापरली. करंजाच्या काडीने, नियत धरून दात घासणारा वेल्ह्यातला माणूस सुन्नतच पाळतो आहे, हे मशिदीतून स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

कोणती झाडे टाळावीत हेही ग्रंथांत आहे. डाळिंबाची, सब्जासारख्या सुगंधी झाडाची आणि बोरूची काडी वर्ज्य मानली आहे, कारण तिने हिरड्यांना इजा होते. बोरूला लावलेला नियम आपल्याकडच्या कळकालाही लागू पडतो, त्याचीही चोय हिरडी कापते. विषारी किंवा अनोळखी झाड तर घेऊच नये. चरकसंहितेच्या दंतकाष्ठांच्या यादीत करंजाबरोबर कण्हेर आणि रुईचीही नावे आहेत, पण कण्हेर विषारी आहे आणि रुईचा चीक झोंबतो, तेव्हा नदीकाठी दिसली म्हणून ती मोडू नयेत. आयुर्वेदाने दंतकाष्ठ 12 अंगुळे लांब आणि करंगळीइतके जाड असावे असे सांगितले आहे. हनफी ग्रंथ मिसवाक एक वीत लांब आणि करंगळीएवढी जाड असावी म्हणतात. वीत म्हणजे 12 अंगुळेच. वेगवेगळ्या मुलखांतल्या दोन परंपरा एकाच मापाशी आल्या, कारण दोघींनीही हात आणि तोंड पाहूनच माप ठरवले असणार.

आता प्रत्यक्ष रीत. काडी उजव्या हातात धरावी. करंगळी खालून, मधली तीन बोटे वरून आणि अंगठा टोकाच्या खाली, ही पकड पैगंबरांचे सहचर हजरत इब्ने मसऊद यांच्या नावाने सांगितली जाते. अशा पकडीत काडी हातात फिरते, पण तिच्यावर फार जोर देता येत नाही. सुरुवात उजव्या बाजूच्या दातांपासून करावी. दातांवर काडी आडवी फिरवावी, जिभेवर उभी. जीभ घासणे हा मिसवाकचाच भाग आहे. हजरत अबू मूसा अशअरी यांनी पैगंबरांना जिभेवर काडी फिरवताना, ओकारी यावी तसा आवाज काढताना पाहिल्याची नोंद आहे. सकाळी ब्रश करणाऱ्या किती जणांना जिभेची आठवण राहते, हे ज्याने त्याने पाहावे.

वापरण्याआधी काडी धुवावी, वापरून झाल्यावरही धुवावी. साल टोकाशी बोटाच्या पेराएवढीच सोलावी, चावून कुंचा करावा, आणि तो झिजला की कापून नवा करावा. काडी आडवी टाकून न देता उभी ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि धूळ लागत नाही. चोखत बसू नये. भर बैठकीत, चारचौघांसमोर मिसवाक करणे फकीहांनी चांगले मानलेले नाही, कारण थुंकी आणि तोंडातली घाण हा दुसऱ्याला दाखवायचा विषय नाही. दुसऱ्याची काडी त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये. आणि काडी पुढे करायचीच झाली तर आधी वडीलधाऱ्याला द्यावी. पैगंबरांनी स्वप्नात दोघांपैकी धाकट्याला काडी दिली तेव्हा त्यांना मोठ्याला देण्यास सांगण्यात आले, असे हदीस सांगते.

वेळाही ठरलेल्या आहेत: वजू करताना, नमाजाआधी, झोपेतून उठल्यावर, घरात शिरताना, कुरआन पठणाआधी, तोंडाला वास येऊ लागला तेव्हा, आणि जुम्याच्या दिवशी आंघोळ व अत्तराबरोबर. घरात आल्यावर पैगंबर पहिले काम मिसवाकचे करीत, असे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात. बाहेर लोकांत जाताना तोंड स्वच्छ करणारे पुष्कळ असतात. बायको-मुलांपाशी जाताना ते करावे, ही शिकवण आम्हाला विशेष मोलाची वाटते. पैगंबरांच्या अखेरच्या घटकेतही मिसवाक आहे. हजरत आयेशांचे भाऊ हजरत अब्दुर्रहमान हातात काडी घेऊन आले, पैगंबरांची नजर तिच्यावर खिळली, हजरत आयेशांनी ती स्वतः चावून मऊ केली आणि त्यांना दिली.

या सगळ्या नियमांमागे एक धागा आहे, तो शेजारच्या माणसाचा. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असेही हदीस सांगते, कारण नमाजाच्या रांगेत (सफेत) शेजारी उभ्या असलेल्याला त्रास होतो. आपल्याकडे भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा हे शेतावरचे रोजचे जेवण. शेतावरून थेट जोहरच्या नमाजाला येणाऱ्या माणसाने जेवण बदलायची गरज नाही. बांधावरच्या करंजाची काडी, घोटभर पाणी आणि दोन मिनिटे पुरतात. एप्रिल-मेमध्ये वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवर हंड्यासाठी पायपीट होते, तेव्हा तर कमी पाण्यात होणारी ही स्वच्छता आणखी उपयोगी ठरते.

रोज्याच्या बाबतीत मात्र या परिसरात एक खरा मतभेद आहे, आणि तो भूगोलाने आणून ठेवलेला आहे. घाटावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. भोरहून हिर्डोशीमार्गे वरंधा घाट उतरला की महाड, म्हणजे एका प्रवासात पंथ बदलतो. भोरमध्ये रोजेदार दुपारनंतरही निर्धास्त मिसवाक करतो. हनफी मत त्याला दिवसभर मोकळीक देते, आणि पैगंबरांना रोज्यात अनेकदा मिसवाक करताना पाहिल्याची हजरत आमिर बिन रबीआ यांची साक्ष त्याच्या बाजूने आहे. महाडचा रोजेदार सूर्य माथ्यावरून ढळल्यावर काडी ठेवून देतो. रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीपेक्षा प्रिय आहे, या हदीसवरून शाफई पंथाने दुपारनंतरचे मिसवाक मकरूह, म्हणजे नापसंत, ठरवले. दोन्हीकडे सोयरिकी होतात, सुना घाट चढून-उतरून येतात, आणि रमजानमध्ये कोणीतरी कोणाला चुकीचे ठरवते. तसे करण्याचे कारण नाही. दोघांच्याही पाठीशी हदीस आहे आणि शतकांचा अभ्यास आहे.

ब्रशचा प्रश्नही नेहमी निघतो. जुन्या काळी ब्रशला डुकराचे केस असत, त्यामुळे मुसलमानांनी तो टाळणे साहजिक होते. 1938 पासून नायलॉनचे ब्रश आले आणि ती अडचण संपली. काडी नसेल तर बोट किंवा खरखरीत कापडही चालते असे हनफी ग्रंथ सांगतात, मग ब्रशला हरकत कशी असेल? काही उलेमा म्हणतात की स्वच्छतेचे पुण्य ब्रशनेही मिळते, काडीच्या सुन्नतीचे मात्र काडीनेच. ज्याला दोन्ही साधते त्याने दोन्ही करावे. पिलूतल्या बेंझिल आयसोथायोसायनेट या द्रव्याने हिरड्यांच्या रोगाचे जंतू मरतात, असे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. मात्र जोर लावून काडी घासणाऱ्यांच्या हिरड्या मागे सरकतात, हेही दंतवैद्य सांगतात. मुलांचे दात किडण्यापासून वाचवायला फ्लोराइडची पेस्ट लागते. काडीचा अभिमान धरून ती नाकारू नये.

या भागातल्या तोंडांचा मोठा शत्रू मात्र वेगळाच आहे: मिश्री. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, कुटायचे आणि सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, काम उरकल्यावर दातांना लावायचे. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत, विशेषतः बायकांत, ही सवय आहे. दात घासण्याच्या नावाखाली चालत असल्यामुळे तिला कोणी व्यसन म्हणत नाही. धूरविरहित तंबाखूने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निर्विवादपणे नोंदवले आहे. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले, आणि त्यांत मिश्रीचा वापर ठळक होता. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. मिश्री घरच्या तव्यावर तयार होते, तिथे कोणता निरीक्षक पोहोचणार?

धर्माची शिकवण जिथे कायदा पोहोचत नाही तिथे पोहोचू शकते. मिसवाकचा हेतू तोंड शुद्ध करण्याचा आणि रबला राजी करण्याचा आहे, असे हदीस सांगते. तंबाखूची राखुंडी हिरड्यांना चोळणे त्या हेतूच्या थेट उलट आहे. रोज्यात तर मिश्रीचा अंश लाळेबरोबर पोटात जातो आणि रोजाच धोक्यात येतो, असे उलेमा बजावतात. जी बाई रमजानचे तेरा-चौदा तास मिश्रीशिवाय काढते, तिला ती सोडता येते, हे तिनेच सिद्ध केलेले असते. तिला हवा असतो तो घरच्यांचा आधार, आणि तलफ आली की हातात धरायला दुसरे काहीतरी.

भोर आणि राजगड तालुक्यांतल्या मशिदींच्या इमामांना आमची विनंती आहे: रमजानच्या आधीच्या जुम्याला, बयानात मिसवाकचा विषय घ्या तेव्हा मिश्रीचे नाव घेऊन बोला, आणि पिलूच नव्हे तर करंज, बाभूळ, कडुलिंबही चालते हे सांगा. ते ऐकणाऱ्या पुरुषांनी ही गोष्ट घरी न्यावी, कारण मिश्रीची डबी बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या फळीवर असते.