‘सांगलं’ ते ‘सांगितलं’

आमची लेक चार वर्षांची असताना पुण्याच्या आजीला फोनवर म्हणाली, "आजी, मीने बाबाला सांगलं!" पलीकडे हशा पिकला. मीही हसले. त्यानंतर कित्येक दिवस आजीचा फोन आला की ती हिंदीतच बोलायची. इंदूरमध्ये राहून घरात मराठी टिकावी म्हणून एवढा आटापिटा आणि आम्हीच तिला गप्प केलं होतं.

खरं तर तिने डोकं चालवलं होतं. बस-बसलं, धाव-धावलं, मग सांग-सांगलं का नाही? इंग्रजी बोलणारी मुलंही ‘वेन्ट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतात. जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना मुद्दाम तयार केलेले, कधीही न ऐकलेले शब्द देऊन पाहिले. मुलांनी त्यांचीही रूपं बरोबर चालवली. म्हणजे मुलं नुसती पाठ करत नाहीत, नियम शोधतात.

मग मी तक्ता पाठ करून घेण्याचा विचार सोडला आणि क्रियापदांच्या जोड्या लावल्या. जा-गेला, कर-केलं, दे-दिलं यांना आपल्याकडची हिंदीच मदत करते: गया, किया, दिया. सांगितलं, मागितलं, बघितलं ही एका माळेतली. घेतलं, धुतलं, घातलं ही दुसऱ्या. ‘खाल्लं’ मात्र एकटंच, ते रोजच्या पोह्यांबरोबर आपोआप येतं. ‘मीने’ हे हिंदीच्या ‘मैंने’वरून आलेलं. मराठीत ‘तिने केलं’, पण ‘मी केलं’.

चूक झाली की "असं नाही, तसं म्हण" हे बंद केलं. ती म्हणाली, "मी पाणी घेलं," की मी म्हणायचे, "घेतलंस का? कुठून घेतलंस?" बरोबर रूप दोनदा कानावर पडायचं आणि गप्पाही थांबायच्या नाहीत. रात्री झोपताना ‘आज काय काय झालं’ हा खेळ. सगळा भूतकाळच!

आजीलाही सांगून ठेवलं, हसायचं नाही, पुढचं विचारायचं. परवा लेक फोनवर म्हणाली, "आजी, मी तुला कालच सांगलं... सांगितलं होतं ना!" स्वतःच सुधारलं आणि पुढे बोलत राहिली.

तुमच्याकडेही कुणी ‘करलं’, ‘मागलं’ म्हणत असेल तर हसू तेवढं आवरा. चुकीचं रूप वयाबरोबर सुटतं. एकदा बंद झालेलं बोलणं पुन्हा सुरू करणं फार अवघड जातं.