तुमचं पार्सल भिवंडीत आहे

मोबाईलवर काहीही मागवा, दुसऱ्या दिवशी ट्रॅकिंगमध्ये एक नाव बहुतेक वेळा येतंच: भिवंडी. पार्सल तिथे दोन दिवस रेंगाळलं की आपण वैतागतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांना हे शहर माहीत आहे ते एवढ्यापुरतंच. मी तिथलाच. पार्सलचं मी काही करू शकत नाही, पण ते इथे का येतं आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या 'विकासा'चं काय होतं, हे मात्र सांगू शकतो.

सध्या गावात समृद्धीची हवा आहे. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा सहापदरी रस्ता भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. त्याआधी, ऑगस्ट २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं होतं. त्यात पाच लाख रोजगारांची भाषा होती. आता जो तो म्हणतो, भिवंडीचं नशीब उघडलं. फक्त गुंतवणूकदारांना दुखवू नका, अटी घालू नका, आलेलं घर सोडून जाऊ देऊ नका.

मला हे म्हणणंच मुळात मान्य नाही. भिवंडीत उद्योग यायचा कधी थांबलाच नव्हता. तो दोनदा आला आणि लोंढ्याने आला. दोन्ही वेळा तो एकच गोष्ट बघून आला: मुंबईत जे नियम पाळावे लागतात, ते इथे कुणी विचारत नाही.

पहिला लोंढा कापडाचा. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग आणला, पुढे यंत्रमाग आले, तेलुगू पद्मशाली विणकरांची पद्मानगर वस्ती उभी राहिली. मग १८ जानेवारी १९८२ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. कापड तेच, पण गिरणीतला हजेरीपट, प्रॉव्हिडंट फंड, आठ तासांची पाळी यातलं काहीच कापडाबरोबर आलं नाही. इथे पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. एकाच छपराखालचे चोवीस माग चार नावांवर सहा-सहा दाखवायचे, म्हणजे कारखाना कायदा दारातूनच परत जातो. कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि बिस्सीत महिन्याच्या हिशेबावर जेवायचा. आजही तसंच आहे.

मागवाला तरी गबर झाला का? बहुतेक जण नाही. सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही व्यापाऱ्याचं. मागवाल्याच्या वाट्याला येते ती विणाईची मजुरी, तीही बाजार पडला की पहिली पडते. बरंचसं कोरं कापड रंगाई-छपाईला बाहेर जातं आणि खरी किंमत तिथे चढते. स्वस्त विणणं हाच ज्याचा गुण, त्याला आणखी स्वस्त विणणारा भेटला की संपलं. आज गल्लीगल्लीत माग भंगाराच्या काट्यावर चढलेत आणि त्यांच्या गाळ्यांत खोकी रचलीत.

दुसरा लोंढा गोदामांचा. तो कुठल्याही धोरणाने आणला नाही, मुंबईच्या जकातीने आणला. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की जकात भरायची. मग तो हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे साधं गणित. आग्रा रोडवर, ठाण्याची खाडी ओलांडली की भिवंडी. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली, ओवळी या गावांतल्या भाताच्या खाचरांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली. परवानगी ग्रामपंचायतीच्या कागदावर, नाहीतर तीही नाही. या गावांसाठी एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण झालं २००७मध्ये. तोवर नियोजन करायला रिकामी जागा फारशी उरली नव्हती.

आता खरा मुद्दा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. ज्या कारणासाठी गोदामं इथे आली, ते कारणच एका रात्रीत संपलं. मग ती उठून गेली का? उलट वाढली. जुन्या पत्र्याच्या शेडशेजारी उंच, सिमेंटच्या जमिनीची, ट्रेलर पाठीमागून थेट लागेल अशी प्रचंड गोदामं झाली. ऑनलाइन खरेदीच्या मोठ्या कंपन्या इथेच आल्या. का, तर मुंबई जवळ, उरणचं बंदर आवाक्यात, नाशिक-गुजरातचे रस्ते दाराशी. ही जागा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणून 'अटी घातल्या तर ते जातील' ही भीती आमच्या बाबतीत पोकळ आहे. मोबाईलचा कारखाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. अंधेरीतल्या माणसाला उद्या सकाळी पार्सल द्यायचं असेल तर गोदाम नागपूरला नेता येत नाही. गरज त्यांना आहे, आणि तरी हात जोडून उभे आम्हीच.

या हात जोडण्याची किंमत मोजून बघा. बहुतेक गोदामं ग्रामपंचायतींच्या हद्दीत, त्यामुळे त्यांची घरपट्टी भिवंडी-निजामपूर महापालिकेला मिळत नाही. पण त्यांचे ट्रक अंजूरफाट्याला आणि राजनोली नाक्याला आमच्याच वाटेत उभे असतात. गोदामाला आग लागली की बंब महापालिकेचा पळतो, मग कल्याण-ठाण्याचे येतात. तिथला हमाल राहतो तो बहुधा शहरातल्या खोलीत, पाणी पितो ते शहराच्या नळाचं. २०११च्या जनगणनेत ७,०९,६६५ लोकवस्ती असलेलं हे शहर मुंबईच्या व्यापाराचा भार वाहतं आणि त्याचा कर दुसरीकडे जमा होतो.

२१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे चाळीस जण गेले. एप्रिल २०२३मध्ये वळपाड्याला इमारत पडली. तिथे खाली गोदाम होतं आणि वर माणसं राहत होती. हे शहर कसं चाललंय, हे त्या एका इमारतीवरून कळतं.

आणि वाहतूक? मालासाठी सहापदरी रस्ता आला. माणसांसाठी ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ला झालं. २४.९ किलोमीटर, १७ स्थानकं. २०२४ संपलं तरी त्यावर एकही प्रवासी बसला नव्हता. भिवंडी रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे, वसई-दिवा मार्गावर, दिवसाला मोजक्या गाड्यांचं. कॉलेजला ठाण्याला जाणारी मुलगी ट्रकांच्या रांगेत शेअर रिक्षात बसून असते.

तेव्हा तिसरा लोंढा येऊ द्या, पण या वेळी अटींवर.

एक, गोदामांच्या करातला ठरावीक वाटा शहर आणि गावं यांच्या सामायिक निधीत जावा. रस्ते, गटारं आणि अग्निशमन यांच्यासाठीच तो खर्च व्हावा. ट्रक हद्द बघून धावत नाहीत, आगही बघत नाही.

दोन, माल उचलणाऱ्याची नोंद. १९६९चा माथाडी कायदा महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. त्याच्या नावाखाली खंडणी उकळणारे आहेत, ही उद्योजकांची तक्रार खोटी नाही. त्या खंडणीखोरांना आत टाका. म्हणून खऱ्या हमालाला ठेकेदाराच्या तोंडी हिशेबावर सोडणं हा उपाय होत नाही.

तीन, मोठ्या गोदामाला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी विचारा: इथले कामगार रात्री कुठे झोपणार? उत्तर नसेल तर प्रमाणपत्रही नको.

चार, जो माग जगू शकतो त्याला इथेच रंगाई-छपाईची सोय, सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेसकट. विणकाम कळणारी हजारो माणसं या शहरात आहेत. त्यांना खोकी मोजायला लावणं याला विकास म्हणता येत नाही.

'हे सगळं महाग पडेल,' असं कुणी म्हणेल. पडेलच. एका पार्सलमागे थोडेफार पैसे वाढतील आणि ते तुम्ही-मी द्यायला हवेत. आज ते पैसे आमच्या गावची माणसं देत आहेत, कधी फुप्फुसांतल्या कापसाने, कधी कोसळलेल्या स्लॅबखाली.

मत मागायला कुणी दारात आला आणि किती लाख चौरस फूट आणले ते सांगू लागला, तर त्याला ऐकून घ्या. मग विचारा: कर कुठे भरणार, हमालाचं नाव कुठल्या वहीत आहे, आणि तो रात्री कुठल्या छपराखाली झोपतो? ही उत्तरं मिळेपर्यंत त्याला दारातच उभा ठेवा. पार्सल एक दिवस उशिरा आलं तरी चालेल.