मुलांचें शौच-शिक्षण आणि मावळचा पाऊस

मूल वर्षाचें झालें न झालें तोंच घरांतील वडील मंडळी त्याच्या दुपट्यांचा हिशेब मांडूं लागतात. ‘आमचीं मुलें सहाव्या महिन्यांत सांगत असत,’ असें एखाद्या आत्याबाई म्हणतात, आणि न्हाणीघरांत दुपटीं धूत बसलेल्या सुनेस तें मुकाट्यानें ऐकावें लागतें. आत्याबाई खोटें बोलतात असें नव्हे. त्या मुलास दोन्ही पायांवर बसवून, ‘शूऽ’ म्हणून वेळ साधीत. म्हणजे वेळेचें भान आईस असे, मुलास नव्हे. मलमूत्र आवरण्याची शक्ति मुलाच्या अंगीं बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. ती अमुकच महिन्यांत यावी, हें सुनेच्या शहाणपणावर अवलंबून नसतें.

मावळांत पावसाचाही विचार करावा लागतो. लोणावळ्यास वर्षाकाठीं ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढांत दोरीवरचें दुपटें दोन-दोन दिवस वाळत नाहीं. शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे शेकावे लागतात, फरशी गार, मूल कुडकुडतें, आणि मोठ्यांचा संयम सुटतो. म्हणून आमच्या मतें लोणावळा-खंडाळ्याच्या घरांनीं होळीनंतर आरंभ करावा. चैत्र-वैशाखांत मुलास नुसत्या झबल्यावर अंगणांत सोडतां येतें व आपण ओलें केलें हें त्याचें त्यास कळतें. डायपरांत नेमकें तेंच कळत नाहीं. तळेगांवाकडे पाऊस पुष्कळ कमी. तेथें मुहूर्ताची एवढी चिंता नको.

मोठ्यांचा शौचकूप लहानग्यास भयंकर वाटतो. पाय ठेवण्याच्या जागा दूर दूर, मधें काळोखें भोंक! मुलास त्याच्या मापाचीं साधनें द्यावींत, हें मारिया माँटेसरी बाईंनीं १९०७ सालीं रोममधील बालगृहांत दाखविलें, आणि १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं तें तत्त्व मराठी मुलखांत रुजविलें. तेव्हां पाय जमिनीस टेकतील असें बुटकें भांडें घ्यावें. जेवणानंतर आंतड्यांस आपोआप चालना मिळते. त्या वेळीं पांच मिनिटें बसवावें.

हीं पांच मिनिटें आजोबांकडे सोंपवावींत. आजोबांनीं पुण्याची लोकल सोडावी: लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव, तळेगांव. नातवानें शिटी फुंकावी. तळेगांव आलें कीं उठावयाचें, काम झालें असो वा नसो. न झाल्यास गाडी उशिरानें आहे, इतकेंच! झाल्यास मुलानें आपल्या लहानशा लोटीनें पाणी ओतावें, ‘शी’ला निरोप द्यावा व साबणानें हात धुवावे. तान्ह्याची शी निरुपद्रवी, असा समज अजून पुष्कळ घरीं आहे. तो खोटा आहे. तींतही रोगजंतु असतात. ती अंगणाच्या कडेस न टाकतां शौचकूपांतच टाकावी.

नाक मुरडून ‘घाणेरडा!’ म्हणणें मात्र सर्वस्वीं टाळावें. मुलास वाटतें, आपणच घाणेरडे. मग तें शी दाबून धरतें. ती कठीण होते, दुखते, म्हणून तें आणखीच दाबतें. पुढें चड्डी थोडीथोडी भरूं लागली कीं त्यास खोडी समजून मार मिळतो, आणि वस्तुतः तो मलावरोध असतो! भिजविलेल्या मनुका, फळें व पुरेसें पाणी द्यावें. रक्त दिसल्यास किंवा दुखणें लांबल्यास डॉक्टरांस दाखवावें. औषध कांहीं आठवडे चालूं शकतें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक घोटाळा होतो. आई ‘शी’ म्हणते, काकू ‘परसाकडे’, आजी तिसरेंच कांहीं. सर्वांनीं मिळून एकच शब्द ठरवावा. लोणावळ्याच्या घरांत चिक्कीचा डबा असावयाचाच; पण बक्षीस म्हणून ती देऊं नये. दांत तर बिघडतातच, शिवाय चार-पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या घशांत कठीण दाणा अडकण्याचें भय असतें. त्यापेक्षां ‘गाडी आली’ ही बातमी त्यासच स्वयंपाकघरांत आजीस सांगूं द्यावी.

रात्रीं कोरडें राहणें फार मागाहून येतें. पांच वर्षांपर्यंत त्याची चर्चा पाहुण्यांपुढें करूं नये. गादीवर मेणकापड घालून वर जुनें लुगडें अंथरावें.