समदुःखी शुश्रूषक
पॅरिस येथील बिसेत्र रुग्णालयांत मनोरुग्णांची व्यवस्था पाहणारा पुसँ हा अठराव्या शतकाच्या अखेरीस परिचारक म्हणून, शक्य तों, बऱ्या झालेल्या रुग्णांसच नेमीत असे. तेच अधिक सौम्य व माणुसकीनें वागतात, असा त्याचा अनुभव. १७९७ सालीं त्यानें तेथील बेड्याही काढविल्या. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत तर १९९९ पासून अशा साहाय्यकांच्या सेवेचा मोबदला सरकारी आरोग्ययोजनेंतून मिळूं लागला. आपल्या घरीं मात्र असा कोणी बरा होऊन परतला, कीं आपण त्याचा आजार सोयऱ्यांपासून लपवितों! त्यासच दुसऱ्या रुग्णाचा हात धरूं द्यावा. परंतु दुःख भोगलें, एवढ्यानेंच शुश्रूषा साधत नाहीं. शिक्षण, वेतन, विश्रांति व सहकाऱ्यांकडून मान हींही त्यास मिळालीं पाहिजेत.